कालिंदीबाईंच्या खिडकीचा पडदा

मंडळी, उन्हाची एक पट्टी डोळ्यांसमोर आणा. दोन बोटं रुंद. खिडकीचा पडदा आणि भिंत यांच्यामध्ये फट राहिली आहे, तेवढ्यातून ती आत आली आहे. सकाळी ती उशीच्या कडेला असते. मग कानाच्या पाळीवर येते. मग गालावर. आपण म्हणतो, ऊन सरकलं. ऊन कुठलं सरकतंय! पृथ्वी फिरते, पृथ्वीबरोबर मिरज फिरतं, मिरजेबरोबर ती खोली, आणि खोलीबरोबर पलंगावर निजलेली बाई. शेवटी पट्टी तिच्या डोळ्यावर येते.

तुम्ही-आम्ही काय करू? मान वळवू. हात आडवा धरू. ह्या बाईला मान वळवता येत नाही. हात उचलता येत नाही. डोळा तेवढा मिटता येतो, तो ती मिटते. आणि पृथ्वी आणखी थोडी फिरेपर्यंत थांबते!

आजचा प्रश्न ह्या पट्टीतूनच निघतो. सेवा सेवा आपण म्हणतो — सेवा म्हणजे काय? आपल्या माणसासाठी खूप काही करणं? की आपल्या माणसाचं ऐकणं? तुम्ही म्हणाल, ताई, दोन्ही एकच! — एकच असतं, तर हे आख्यान लावायची गरज नव्हती.

तिकडे कुणाचा तरी मोबाइल वाजतोय. वाजू द्या, वाजू द्या! आज गोष्टच असल्या यंत्रांची आहे. बंद करा मात्र.

तर ऐका. मिरजेत विद्याधर जमखंडीकर नावाचे एक गृहस्थ होते. विहिरीत सोडायचे पंप करणाऱ्या कारखान्यात तपासनीस. तयार पंप त्यांच्यासमोर यायचा, ते त्याला पाण्यात बुडवायचे, फिरवायचे, कान लावून ऐकायचे. ते 'पास' म्हणाले तरच पंप दाराबाहेर. मालक जरी घाई करायला लागला तरी ह्यांचं उत्तर ठरलेलं — "साहेब, एकदा विहिरीत गेला की बाहेर काढायला चार माणसं लागतात. शंका असेल तर आत्ताच अडवा."

नोकरीत ह्या स्वभावानं नाव मिळवून दिलं. आणि घरात? घरात पिठाची गिरणी घ्यायची ठरली. कुठली चांगली, कुठलीचं जातं टिकतं, कुठलीला वीज कमी लागते — तुलना सुरू झाली. तुलना चालली होती तोवर घरातले गहू किडले! हसू नका गुणेकाका, पेटी घेताना तुम्ही किती दुकानं फिरलात ते मला ठाऊक आहे.

त्यांची बायको कालिंदीबाई. पोस्टात काउंटरवर होत्या. मूलबाळ नव्हतं, दोघंच. कालिंदीबाईंच्या वडिलांनी मुलींना नद्यांची नावं ठेवली होती — धाकटी कालिंदी, थोरली गोदावरी. गोदावरी म्हणजे गोदाक्का. दोन गल्ल्या सोडून राहायच्या. नवरा गेलेला, मुलगा परगावी, आणि जिभेला धार अशी की सुरी लाजावी.

विद्याधरपंतांपाठोपाठ कालिंदीबाईही निवृत्त झाल्या आणि पुढच्याच पावसाळ्यात एका सकाळी त्यांना अंबाड्यात आकडा खोचता येईना. बोटांत आकडा धरलाय, हात डोक्यापर्यंत गेलाय, आणि बोट दाबतच नाही. आठवडाभरानं हातातली कपबशी पडली. मग जिना चढताना पाय अडखळला. तपासण्या झाल्या. डॉक्टर मुजावरबाईंनी दोघांना समोर बसवलं. बाई शांत, सरळ बोलणाऱ्या. म्हणाल्या, "मेंदूकडून स्नायूंकडे हुकूम नेणाऱ्या पेशी असतात. ह्या आजारात त्या एकेक करून मरतात. हुकूम निघतो, पण पोचत नाही. आधी हात-पाय, मग जीभ, मग गिळणं, शेवटी श्वास. बुद्धी जात नाही. डोळे, कान जात नाहीत. सगळं कळत राहतं."

विद्याधरपंतांनी विचारलं, "ह्यावर उपाय?"

"सोबत," डॉक्टर म्हणाल्या. "औषधं देईन. बरं करणारं त्यांत काही नाही."

मंडळी, ज्यानं आयुष्यभर बिघाड शोधले आणि दुरुस्तीला पाठवले, त्या माणसाला सांगितलं गेलं की बिघाड सापडलाय, दुरुस्ती नाही. तो घरी येऊन काय करेल? काहीतरी करायला शोधेल! आपण सगळेच शोधतो. घरात माणूस आजारी पडलं की आपण आधी नवीन थर्मास आणतो. आणतो की नाही?

ह्यांना ते काम कालिंदीबाईंनीच दिलं. हात बरेचसे गेले होते, बोलणं शाबूत होतं. एका दुपारी त्या म्हणाल्या, "अहो, ऐका ना. पाणी मागायचं. कूस मागायची. नाकावर माशी बसली तर माणूस मागायचा. सारखी मागते आहे मी. तो पडदा तेवढा माझा मला वर-खाली करता येईल असं काही करा ना. दिवसातली एक तरी गोष्ट न मागता व्हावी."

केवढंसं मागणं! आणि केवढं मोठं! त्या बाईला पडद्याचं कौतुक नव्हतं. स्वतःच्या मर्जीनं काहीतरी घडावं, एवढीच तहान होती. हे तुम्ही धरून ठेवा, कारण सगळी गोष्ट ह्या एका तहानेची आहे.

"करतो," विद्याधरपंत म्हणाले. "आठ दिवसांत करतो!"

आणि बसले तुलना करायला.

आता ही यंत्रं तुम्हाला थोडी समजावून सांगते. खिडकीला गुंडाळता येणारा पडदा लावायचा, त्याच्या दांड्यात मोटर. मोटरला हुकूम द्यायचा. पण हुकूम जायचा कसा? एक पद्धत अशी की हातात बटणांचा रिमोट, रिमोटकडून थेट मोटरला. साधी. दुसरी अशी की घरात एक डबी ठेवायची, ती पडदा, दिवा, पंखा, दाराची घंटा सगळ्यांची कारभारीण. तुम्ही डबीशी बोलायचं, डबी बाकीच्यांशी. आणि तिसरी पद्धत मोठी मौजेची! तुम्ही मिरजेत म्हणायचं, 'पडदा वर.' तो आवाज घरातून निघतो, तारेतून, समुद्राखालून, कुठल्या तरी दूरदेशी मोठ्या यंत्राकडे जातो. ते यंत्र ठरवतं की हा माणूस पडद्याबद्दल बोलतोय. मग उत्तर तसंच परत येतं, आणि मिरजेचा पडदा उघडतो. काय हो गुणेकाका? शेजारच्या खोलीत निरोप द्यायचा, तर कुणी काशीला जाऊन येतं का? पण जातं! आणि एका श्वासात जाऊन येतं. मात्र मिरजेत वीज गेली, नेट गेलं, की काशीवाला मुका.

विद्याधरपंतांनी तिन्ही पद्धतींचे नमुने मागवले. रिमोटची मोटर लावली — घुरघुरते. आजाऱ्याच्या खोलीत घुरघुर? नापास! काढली. दुसरी मोटर आणली, आवाज कमी, पण बॅटरीवरची, चार्ज करायला विसरलो तर? नापास! डबीवाली आणली. डबीचं पंखा ऐकतो, दिवा ऐकतो, पण पडद्याच्या मोटरशी तिचं जमत नाही. दोघींचे कारखाने वेगळे. सासू-सुनेसारखं! एकाच घरात राहायचं आणि एकमेकींची भाषा कळून घ्यायची नाही. नापास!

गालाजवळ बांधायचं एक मऊ बटणही आलं होतं. गालानं जरा रेटलं की मोटर चालते. ते त्यांनी हातात घेऊन पाहिलं आणि खोक्यात परत ठेवलं. "हे फक्त वर आणि खाली करतं. बाकी काहीच नाही."

गोदाक्का रोज संध्याकाळी यायच्या. खोलीभर वायरी, खोकी, भिंतीला भोकं. एक दिवस म्हणाल्या, "अहो विद्याधरराव, पडद्याला दोरी बांधा आणि टोक द्या तिच्या मुठीत. मूठ मिटतेय अजून तिची."

"अक्का, दोरीनं पडदा अर्ध्यावर अडकतो."

"अडकू दे की अर्ध्यावर! अर्धं तरी दिसेल तिला बाहेरचं! तुमचा अख्खा पडदा कधी यायचा?"

कालिंदीबाई पलंगावरून हसल्या. म्हणाल्या, "असू दे गं अक्का. गिरणीच्या वेळी गहू किडले, ह्या वेळी मी किडेन."

त्या विनोदाला कुणी हसलं नाही. पुढच्या महिन्यात मूठ मिटेनाशी झाली.

दोरी गेली. रिमोट गेला. आता उरला आवाज. विद्याधरपंत आवाजावर चालणाऱ्या पद्धती तपासू लागले. दूरदेशी जाणारी बरी की घरातली डबी बरी? कुणाला मराठी जास्त कळतं? कालिंदीबाईंच्या उशाशी एक गोल यंत्र ठेवलं. त्या म्हणाल्या, "पडदा वर." यंत्र म्हणालं, "माफ करा, मला समजलं नाही."

पुन्हा म्हणाल्या. "माफ करा, मला समजलं नाही."

गोदाक्का म्हणाल्या, "माफी मागायला शिकलंय, काम करायला नाही. कुणाच्या तरी घरचा जावई करून पाठवा ह्याला!"

यंत्राचं चुकत होतं असंही नाही हो. जीभ जड व्हायला लागली होती. 'प' फुटत नव्हता, 'ड' घरंगळत होता. विद्याधरपंतांनी घरातल्या डबीला कालिंदीबाईंचा आवाज शिकवायला घेतला. रोज बसवून म्हणायला लावायचे — पडदा वर, पडदा खाली, पडदा वर. डबी शिकायचीही! पण ती शिकायची तो गेल्या आठवड्याचा आवाज, आणि बाईंचा आवाज तोवर आणखी खाली गेलेला असायचा. वाहत्या पाण्याचं माप घेतल्यासारखं. हा माणूस मात्र दर वेळी म्हणायचा, "झालंच. आणखी थोडं अचूक झालं की पास करू."

आणि गंमत बघा — गंमत कसली, पण बघा. यंत्राला जे कळत नव्हतं ते विद्याधरपंतांना सगळं कळत होतं! कालिंदीबाईंच्या तोंडून नुसता हुंकार आल्यासारखा वाटायचा, आणि हे सांगायचे, "उशी उजवीकडे हवीय तिला." बरोबर निघायचं. शेजारीपाजारी आले की बाईंचं बोलणं ऐकून ह्यांच्या तोंडाकडे बघायचे. गोदाक्कांनासुद्धा धाकट्या बहिणीचं बोलणं लागेनासं झालं होतं. अख्ख्या जगात कालिंदीबाईंची भाषा समजणारा एकच माणूस उरला होता.

मंडळी, अशा माणसाच्या हाती केवढी सत्ता येते, कल्पना करा. तो जे सांगेल तेच तिचं बोलणं!

एका सकाळी डॉक्टर मुजावर घरी आल्या. कालिंदीबाईंची छाती तपासली, खुर्ची ओढून त्यांच्या डोळ्यांसमोर बसल्या आणि त्यांच्याशीच बोलल्या, नवऱ्याशी नाही. "कालिंदीताई, श्वासाचे स्नायू थकत चाललेत. तोंडाला लावायचं मशीन आहे, ते पुढं पुरणार नाही. तेव्हा गळ्याला छेद घेऊन नळी घालता येईल आणि कायमचं श्वासाच्या यंत्रावर ठेवता येईल. त्यानं आयुष्य वाढतं, कधी काही वर्षंही वाढतं. असेच पडून, पण वाढतं. नळी नको असेल, तर धाप लागली की मी औषध देईन, जीव घाबरू देणार नाही. मग दिवस थोडे. ह्यातलं काय, ते तुम्ही सांगायचं. तुमचा शब्द शेवटचा."

कालिंदीबाईंनी डोळे मिटले, उघडले. आणि बोलायला लागल्या. एकेका अक्षराला श्वास गोळा करत होत्या. कपाळावर घाम आला. बोलणं पुरं झालं.

डॉक्टरांना कळलं नाही. स्वयंपाकघराच्या दारात गोदाक्का उभ्या होत्या, त्यांना कळलं नाही. डॉक्टर विद्याधरपंतांकडे वळल्या. "काय म्हणाल्या?"

मी सांगते तुम्हाला काय म्हणाल्या. त्या म्हणाल्या — "नळी नको. मला इथेच, अशीच जाऊ द्या."

विद्याधरपंतांना शब्द न् शब्द कळला होता. ते म्हणाले —

"पडदा म्हणतेय. डोळ्यावर ऊन येतंय तिच्या."

आणि उठले. खिडकीपाशी गेले. पडदा ओढला.

डॉक्टर म्हणाल्या, "बरं. घाई नाही. विचार करून सांगा. फक्त धाप लागल्यावर विचारायची ही गोष्ट नाही, हे लक्षात ठेवा." आणि गेल्या.

शिव्या देऊ नका त्या माणसाला. थांबा जरा. ते उशाचं गोल यंत्र निदान खरं बोलत होतं! त्याला समजत नव्हतं, ते म्हणायचं, समजलं नाही. ह्याला समजलं होतं. आणि का बोलला नाही? वाईट होता म्हणून? पलंगाशेजारी जमिनीवर निजायचा, तिचं सगळं स्वतःच्या हातानं करायचा तो माणूस. वाईट माणसाच्या हातून असलं पाप होतच नाही मंडळी. वाईट माणूस केव्हाच उठून गेलेला असतो. हे पाप माया करणाऱ्याचं आहे. आणि म्हणूनच ते कुणाला दिसत नाही.

कालिंदीबाईंनी त्याच्याकडे बघितलं. रागानं नाही. पोस्टाच्या काउंटरवर चुकीचा पत्ता घातलेलं पाकीट परत करताना बघायच्या, तसं. मग नजर छताकडे नेली.

सूर द्या गुणेकाका. जरा नाम घेऊ.  म्हणा सगळे, सावकाश म्हणा.

…पुरे.

त्या दिवसापासून कालिंदीबाईंनी बोलायचा प्रयत्न सोडला. विद्याधरपंत डबी घेऊन बसायचे, "म्हण ना, पडदा वर, एकदाच म्हण" — त्या म्हणायच्या नाहीत. काही दिवसांनी म्हणायचं मनात आलं असतं तरी आवाज उरला नव्हता. आवाजावर चालणाऱ्या सगळ्या पद्धती एका फटक्यात नापास!

मग विद्याधरपंतांना खोक्यातलं ते गालाचं बटण आठवलं. बाहेर काढलं. उशीला बांधलं, डबीशी जोडलं, डबीशी जमणारी सगळ्यात कमी आवाजाची मोटर पडद्याच्या दांड्यात बसवली. एकदा दाबलं की पडदा वर, दोनदा दाबलं की खाली. एका दुपारचं काम! कालिंदीबाईंच्या गालाच्या स्नायूत जरा हालचाल शिल्लक होती. त्यांनी दाबलं. पडदा वर गेला. समोरच्या घराची गच्ची दिसली, वाळत घातलेल्या कुरडया दिसल्या, आभाळ दिसलं.

विद्याधरपंतांच्या डोळ्यांत पाणी आलं. "पास," ते म्हणाले. कारखाना सोडल्यावर पहिल्यांदा म्हणाले. इतक्या महिन्यांनी त्यांनी बायकोचं मागणं पुरं केलं होतं!

आणि दुसऱ्या दिवसापासून तिनं ते बटण दाबलंच नाही.

पडदा बंद. ऊन फटीतून आलं, डोळ्यावर आलं, तरी दाबलं नाही. विद्याधरपंतांनी बॅटरी तपासली. तारा तपासल्या. डबी बंद करून चालू केली. गोदाक्का बघत होत्या. म्हणाल्या, "यंत्र चालतंय हो. ती चालवत नाही."

"का पण?"

"ते तिला विचारा!"

"कसं विचारू? बोलत नाही ती."

गोदाक्का पलंगापाशी गेल्या. "सरका," म्हणाल्या ह्यांना. "तो पडदा अर्ध्यावर आणून ठेवा. हं. कालिंदे, मी चहा ठेवतेय, दोन चमचे भरवू का तुला? हो असेल तर वर कर. नको असेल तर खाली."

 मग मोटर हलली. पडदा वर गेला.

"बोलली!" गोदाक्का मोठ्यानं हसल्या आणि हसता हसता रडल्या. "बोलली हो! कालिंदे, आलं घालू?"

खाली.

"हीच ती! लहानपणापासून आल्याला नाक मुरडते!"

आणि त्या घरात पुन्हा बोलणं सुरू झालं. कूस वळवू? वर. पंखा हवा? खाली. दिवसभर पडदा वर-खाली, वर-खाली. समोरच्या घरातल्या बाई विचारायला आल्या, "अहो, तुमच्या पडद्याला काय झालंय?" गोदाक्का म्हणाल्या, "काही नाही, गप्पा चालल्यात."

विद्याधरपंत तर लहान मूल झाले. विचारत सुटले. भात मऊ करू? रेडिओ लावू? कुरडया वाळल्या असतील का गं त्यांच्या? सगळं विचारलं. ओळखा मंडळी, काय नाही विचारलं?

ओळखलंत. मागच्या रांगेतल्या काकूंनी पदर डोळ्याला लावला, म्हणजे त्यांनीही ओळखलं.

दिवस जात होते. श्वास उथळ होत होता. गोदाक्कांनी एकदा त्यांना स्वयंपाकघरात गाठलं, दार लोटून घेतलं. "विद्याधरराव, त्या दिवशी डॉक्टरांसमोर ती काय म्हणाली?"

"सांगितलं ना अक्का. पडद्याचं म्हणाली. ऊन येत होतं."

"त्या दिवशी सकाळपासून आभाळ भरलेलं होतं. मी दारात वाळत घातलेलं धुणं आत घेतलं होतं. ऊन कुठलं आणलंत तुम्ही?"

हातातली वाटी त्यांनी ओट्यावर ठेवली. 

"मला अजून विचार करायचाय अक्का."

"तुम्हाला कुणी विचारलंय? तिला विचारलंय!"

"मी ते मोठ्यानं बोललो की ते होणार. नाही बोललो तोवर —" पुढचं त्यांना म्हणता येईना.

"तोवर काय? तोवर ती आत कोंडलेली, आणि किल्ली तुमच्या खिशात!" अक्कांचा आवाज फुटला. "एक गोष्ट न मागता व्हावी म्हणाली होती ना? ही एक तिनं मागितली हो. तोंड वेंगाडून, घाम गाळून मागितली. बहीण आहे मी तिची. मलाही ती जायला नको आहे."

तरीही तो माणूस आतल्या खोलीत जाऊन पडद्याच्या मोटरला तेल घालत बसला.

मग ती सकाळ आली. कालिंदीबाईंच्या ओठांचा रंग बदलला होता. गळ्याखालची खळगी प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती. डॉक्टर आल्या, बोटाला चिमटा लावून प्राणवायूचा आकडा बघितला, आणि म्हणाल्या, "जमखंडीकर, आता थांबता येणार नाही. नळी घालायची असेल तर लगेच गाडी बोलावते. नसेल तर इथेच औषध सुरू करते. तुम्हाला त्यांची इच्छा माहीत आहे का?"

विद्याधरपंत बायकोच्या उशाशी बसले. तिच्या कपाळावर हात ठेवला. पडदा अर्ध्यावर होता. आणि शेवटी, मंडळी, शेवटी त्यांनी विचारलं —

"कालिंदी. नळी हवी?"

गालाचा स्नायू हलला. एकदा.  पडदा तसूभर वर सरकला — आणि गाल पुन्हा हलला. दोनदा. पडदा खाली यायला लागला.

कमीत कमी आवाजाची मोटर म्हणजे सगळ्यात सावकाश चालणारी मोटर. तो पडदा उतरत राहिला. आधी आभाळ गेलं. मग समोरची गच्ची. मग खिडकीची चौकट. खोलीत अंधारून आलं. डॉक्टरांना ह्या घरची बोली ठाऊक नव्हती. त्या म्हणाल्या, "हे काय झालं? आपोआप पडला का?"

गोदाक्कांना उत्तर ठाऊक होतं. त्यांनी तोंडावर पदर दाबून धरला.  हे त्यांनी बोलायचं नव्हतं.

आता विद्याधरपंतांच्या जिभेच्या टोकावर काय असेल? 'मोटर बिघडली असेल.' 'बॅटरी उतरली असेल.' किती सोपं! यंत्राच्या माथी मारायचं, गाडी बोलवायची, आणि बायकोला वर्षभर, दोन वर्षं, असेल तितकी जवळ ठेवायची. डॉक्टरांना कधीही कळलं नसतं. कोर्ट नाही, पोलीस नाही, साक्षीदार दोघी — एक बोलू शकत नाही, दुसरी बोलायची नाही.

पडदा खाली आहे, तोवर मी तुम्हाला विचारते. तुमच्या घरात कोण काय म्हणतंय? म्हातारे वडील म्हणतात, मला गावीच राहू द्या. आणि तुम्ही त्यांना गुडघ्याचा पट्टा आणून देता. मुलगी म्हणते, मला हे स्थळ नको. आणि तुम्ही विचारता, साडी कुठल्या रंगाची घेऊ? बायको म्हणते, मी थकले. आणि तुम्ही मिक्सर बदलता! चांगल्यातला चांगला बदलता, चार दुकानं फिरून. कष्टात कमी नाही तुमच्या. मायेतही कमी नाही. पण ते वाक्य? ते वाक्य तुम्हाला पहिल्या दिवशी कळलं होतं. कळलं होतं की नाही? देवळात बसलाय, छातीवर हात ठेवा. आपण देवापुढे हात जोडून म्हणतो, देवा, माझं ऐक. तो ऐकतो की नाही, मला सांगता येणार नाही. तेवढा माझा अधिकार नाही. पण तुमच्या घरी तुमच्यापुढे हात जोडायचीही ताकद नसलेलं कुणीतरी असेल, तर त्याच्यापुरते देव तुम्हीच आहात. तुम्ही ऐकता का, ते बघा.

विद्याधरपंत उठले. खिडकीकडे गेले नाहीत. बटणाला हात लावला नाही. डॉक्टरांसमोर उभे राहिले, कारखान्यात मालकासमोर राहायचे तसे, सरळ. दोनदा तोंड उघडलं, आवाज आला नाही. हुकूम निघत होता, पोचत नव्हता. मग पोचला.

"डॉक्टर, ही नाही म्हणते आहे. मागच्या वेळी तुमच्यासमोर हेच म्हणाली होती, आणि मी तुम्हाला खोटं सांगितलं. गाडी बोलावू नका. नळी घालायची नाही. ती इथेच राहील."